चुंबकी प्लेटवर बोर्ड सारखा सरकतो? चुंबक बदलण्याआधी त्याचा तळ आणि खालची प्लेट तपासा

डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, इलेक्ट्रॉनिक बोर्ड सरकतो. आयर्नचं टोक पॅडला टेकतं, सोल्डर वितळून पसरायला लागतं आणि नेमका त्याच वेळी बोर्ड धरणारा एक चुंबकी पाय केसभर बाजूला जातो. सोल्डर शेजारच्या पिनवर ओघळतं. बोर्ड जुना, कागदी फिनॉलिकचा (राळेत मुरवलेल्या कागदाचा) असेल तर पॅडसकट ट्रॅक वर येतो आणि दहा मिनिटांच्या कामासाठी तासभर जंपर (तुटल्या जागी जोडायच्या तारा) जोडत बसावं लागतं. घरी तयार केलेल्या चुंबकी प्लेटबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या दुरुस्तीवाल्यांकडून सर्वांत जास्त हीच तक्रार ऐकू येते. उपायही सगळे एकच करतात: चुंबक कमी पडतोय, मोठा आणू. मोठा आणला की काही आठवडे बरं चालतं, मग पुन्हा सरकणं सुरू.

चिकोडीकडून उसाच्या पंपांची स्टार्टर बोर्डं घेऊन येणारा एक तरुण हेच सांगत होता. "तीनदा मॅग्नेट बदललो की ओ मामा, तरी बोर्ड हलायलाय." त्याने काढून टाकलेले चुंबक मी मागवून घेतले आणि पुसून स्वच्छ जाड लोखंडावर लावून बघितले. सगळे ठणठणीत होते.

नवा चुंबक सुरुवातीला घट्ट धरतो, कारण त्याचा तळ कोरा आणि सपाट असतो. काम होत जातं तसा तळाखाली कचरा, राळ आणि गंज साठतो, चुंबक आणि लोखंड यांच्यात फट पडते आणि पकड सुटते. चुंबकाची ओढ अंतर वाढलं की फार झपाट्याने उतरते. वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. लहान चुंबकाखाली असे तीन-चार कागद सरकवून पाहा, हाताला फरक कळतो. लोखंडी वाटीत बसवलेला चुंबक तर या बाबतीत आणखी हळवा. वाटी सगळं चुंबकीय बल तोंडाशी गोळा करते, त्यामुळे थेट टेकला तर तो नुसत्या चकतीपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, पण थोडीशी फट पडली की त्याची पकड चकतीपेक्षाही लवकर ढासळते. महागातला वाटीचा चुंबक आणूनही ज्यांचा बोर्ड हलतो, त्यांचं दुखणं बहुतेक वेळा इथंच असतं.

आधी नेमकं काय हलतंय ते ओळखा

प्लेट म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते एकदा स्पष्ट करतो. साधारण ३०० बाय २०० मिमीची एमएसची, म्हणजे साध्या लोखंडाची प्लेट. तिच्यावर कुठंही ठेवता येणारे चार पाय. प्रत्येक पायाच्या तळाला चुंबक, त्यावर एम-३ चा पितळी स्पेसर आणि वरच्या टोकाला बोर्डाची कड अडकवायची खाच. बोर्ड सहसा १.६ मिमी जाडीचा असतो, म्हणून खाच १.८ मिमीच्या आसपास ठेवतात.

रिकामा, खराब बोर्ड लावा आणि पेन्सिलीने बाजूने हळूहळू ढकला. नजर बोर्डावर नको, पायांच्या तळाशी ठेवा. अख्खी प्लेट टेबलावर सरकत असेल तर खाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा, विषय संपला. बोर्ड खाचेतच खुळखुळत असेल तर खाच रुंद आहे किंवा बोर्डाची कड झिजली आहे. खाचेत कागदी टेपचा एक पदर दिला की भागतं. पण पायाचा तळ प्लेटवर घसरत असेल, किंवा एका बाजूने उचलला जाऊन पाय डुलत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. घसरणं आणि डुलणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. घसरतो तो पाय घर्षणात कमी पडतो. डुलतो त्याच्या तळाखाली काहीतरी आहे, किंवा तो मुळातच तिरका चिकटवलेला आहे.

तळाखाली काय साठतं

सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे कापलेल्या रेझिस्टर आणि डायोडच्या तारा. बऱ्याच जणांना वाटतं की त्या तांब्याच्या असतात, त्यांना चुंबक ओढणार नाही. स्वस्तातल्या बहुतेक भागांच्या तारा आतून पोलादी असतात, वरून तांब्याचा आणि कथलाचा मुलामा. निप्परने कट केलं की तुकडा उडतो आणि थेट चुंबकाच्या पायाला जाऊन चिकटतो. तुम्ही पाय उचलून दुसरीकडे ठेवता, तुकडा तळाखाली जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर पाय उभा राहिला म्हणजे एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरची फट. बोर्ड लावला की पाय सरळ उभा दिसतो, आणि आयर्न टेकवताच डुलतो.

उद्यमबाग किंवा मच्छेच्या बाजूला ज्यांचं दुकान आहे त्यांना आणखी एक त्रास आहे. फाउंड्री, ग्राइंडिंग आणि मशिन शॉपची लोखंडी धूळ हवेतून येते. टेबलावर ती डोळ्यांना दिसत नाही, पण चुंबक तिला दिवसभर गोळा करत राहतो. तळाच्या कडेने काळसर मिशीसारखी किनार दिसली तर ती हीच धूळ. ती फडक्याने पुसू नका. फडक्याने ती एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते आणि थोडी धाग्यांत अडकून तिथंच राहते. रुंद चिकटपट्टी तळावर दाबा आणि झटक्यात ओढा. दोन-तीन वेळा नवी पट्टी घेतली की तळ कोरा होतो. ही धूळ बोर्डावर पडली तर बारीक पिनांमध्ये शॉर्टही करू शकते, त्यामुळे हे काम बोर्डापासून लांब करा.

तिसरी गोष्ट फ्लक्सची. राळेचा धूर प्लेटवर बसून चिकट पातळ थर होतो. तो धूळ धरून ठेवतो. डबीतली स्वस्त पेस्ट वापरत असाल तर ते आणखी वाईट, कारण अशा पेस्टमध्ये बहुधा झिंक क्लोराइड असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंड खातं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बोर्डासाठी ती पेस्ट वापरूच नये हे वेगळं सांगायला नको, पण वापरली जाते हे मला माहीत आहे.

तळ साफ झाला की कागदाची परीक्षा घ्या. पाय प्लेटवर ठेवा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या आणि तिचं टोक तळाच्या कडेखाली चारही बाजूंनी सरकवून बघा. कुठंच शिरत नसेल तर तळ नीट टेकला आहे. एका बाजूने शिरत असेल तर पाय तिरका आहे. चारही बाजूंनी थोडा थोडा शिरत असेल तर मधोमध काहीतरी उंच आहे, किंवा तळ घुमटासारखा झाला आहे. कोणती जागा टेकते ते बघायचं असेल तर तळाला काळ्या मार्करने रंग द्या, वाळू द्या, आणि पाय प्लेटवर थोडा दाबून गोल फिरवा. जिथला रंग उडाला ती जागा टेकते, बाकी सगळी हवेत.

घरी जोडलेले पाय हमखास तिरके निघतात. वॉशरवर इन्स्टंट ग्लूचा थेंब टाकून चुंबक दाबला जातो आणि ग्लू एका बाजूला जास्त साठतो. शिवाय हा ग्लू उष्णतेने मऊ पडतो. उपाय सोपा आहे: पाय प्लेटवरच जोडा. प्लेटवर प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरा, त्यावर चुंबक ठेवा, वर दोन नळ्यांचा इपॉक्सी लावा, त्यावर वॉशर आणि स्पेसर सरळ उभा करा, गुण्या लावून काटकोन बघा आणि रात्रभर तसंच राहू द्या. तळाची पातळी प्लेटच ठरवते, इपॉक्सी वरची तूट भरून काढतो. सकाळी निघालेला पाय कागदाच्या परीक्षेत पास होतो.

प्लेटचं काय

पाय कोरे आणि सरळ असूनही घसरत असतील तर दोष प्लेटमध्ये शोधायचा.

पहिला प्रश्न जाडीचा. अनेकांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा किंवा कपाटाचा पत्रा वापरलेला असतो. तो एक मिलिमीटरच्या आसपास असतो. इतकं पातळ लोखंड चुंबकाचं सगळं बल पोटात घेऊ शकत नाही, थोडं घेतं आणि भरून जातं. उरलेलं बल पत्रा ओलांडून पलीकडे निघतं. तपासायला एक टाचणी पुरे. चुंबक वर ठेवा आणि नेमक्या त्याच जागी पत्र्याच्या खालून टाचणी लावा. टाचणी घट्ट लोंबकळत राहिली तर पत्रा पातळ आहे. जाड प्लेटखाली ती पडते, किंवा जेमतेम चिकटते. चुंबकाच्या पाकिटावर पकडीचा जो आकडा छापलेला असतो तो जाड, सपाट, बिनरंगाच्या लोखंडावर सरळ वर ओढून मोजलेला असतो. पातळ पत्र्यावर त्यातला थोडाच भाग मिळतो आणि बाजूने ढकलताना त्याहून कमी.

मी ५ किंवा ६ मिमी घ्यायला सांगतो. ६ मिमीची ३०० बाय २०० ची प्लेट साधारण २.८ किलो भरते. हे वजनही कामाला येतं, प्लेट टेबलावर आपोआप जागेवर राहते. ३ मिमी घेतली तर वजन निम्मं, आणि लहान चुंबकांना तीही चालते. त्याच्या खाली जाऊ नका.

खरेदी करताना खिशात चुंबक ठेवा. "स्टीलची प्लेट" म्हणून मागितली आणि दुकानदाराने चकचकीत ३०४ ग्रेडचं स्टेनलेस दिलं तर घरी आल्यावर चुंबक तिच्यावरून घरंगळत खाली येईल. ३०४ जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. ४३० जातीचं देतं, आणि ते मिळालं तर गंजाचाही त्रास कमी, पण भंगारात ग्रेड कोण सांगणार? चुंबक लावून बघणं हाच खरा निकाल.

दुसरा प्रश्न सपाटपणाचा. शिअरिंग मशिनवर कापलेली पट्टी थोडी पिळवटते. गॅसने कापली तर कडेला मळी आणि उष्णतेने बाक येतो. लेझरने कापलेली त्या मानाने सरळ येते. स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून प्लेटवर ठेवा, मागे मोबाइलचा टॉर्च लावा आणि उजेड कुठून येतो ते बघा. लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण, चारही दिशांना. मधोमध थोडा खोलगटपणा असला तरी चालून जातं, कारण पाय लहान असतात आणि त्यांना आपापल्या बोटभर जागेचा सपाटपणा पुरतो. त्रास देतात ते ओरखडे, ठोके, वेल्डिंगचे शिंतोडे आणि कडेचा बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धारदार कोर. बर कानशीने काढा, शिंतोडे छिन्नीने उडवा.

हॉट रोल्ड प्लेटवर काळी निळसर साल असते, ती मिल स्केल. ती सगळीकडे एकसारखी घट्ट असेल तर निमूट राहू द्या. पण ती पापुद्र्यांनी निघायला लागली असेल तर सगळी काढा. अर्धी निघालेली साल म्हणजे पायऱ्या पायऱ्यांची जमीन. बेळगावात राहणाऱ्यांना इथं एक सोय आहे जी गावाकडच्यांना नाही: उद्यमबागेत सरफेस ग्राइंडर असलेलं टूलरूम शोधायला फार फिरावं लागत नाही. वरची एक बाजू ग्राइंड करून घेतली तर साल, खड्डे, बाक सगळं एका फटक्यात जातं. ग्राइंडिंग करताना प्लेट चुंबकी चकवर धरतात, त्यामुळे ती परत येते तेव्हा तिच्यात थोडं चुंबकत्व उरलेलं असू शकतं. टाचणी उचलत असेल तर त्यांच्याकडूनच डीमॅग्नेटाइज करून घ्या. नाहीतर कापलेल्या तारांचे तुकडे प्लेटलाच चिकटायला लागतील.

ग्राइंडिंगची सोय नसेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून प्लेट त्यावर घासायची. वेळखाऊ आहे, पण होतं. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. त्याहून गुळगुळीत करायची गरज नाही. आरशासारखी प्लेट दिसायला छान, पण पाय तिच्यावर जास्त घसरतात.

तिसरा प्रश्न रंगाचा. ब्रशने तीन हात ऑइल पेंट मारलेली प्लेट म्हणजे सगळीकडे पसरलेली कायमची फट. वर तो रंग आयर्नने जळतो आणि त्याचे फोड येतात. ज्या बाजूवर पाय ठेवायचे ती बाजू रंगवू नका. खालची बाजू आणि कडा हव्या तशा रंगवा. गंज टाळायचा असेल तर झिंक प्लेटिंग रंगापेक्षा फार चांगलं, कारण तो थर काही मायक्रॉनचाच असतो.

पावसाळ्यातलं दुखणं

जून लागला की ही तक्रार वाढते, आणि जितकं पश्चिमेला जावं तितकी जास्त. बेळगावात दमट हवा असतेच, पण जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात उघडं लोखंड बघता बघता लाल होतं. गंजाचा थर मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो फुगतो. प्लेटवर उठलेला गंजाचा ठिपका म्हणजे पायाखालचा खडा. त्याहून फसवा गंज खुद्द चुंबकाचा. निओडायमियमच्या चुंबकात भरपूर लोखंड असतं आणि त्याला गंजापासून वाचवणारा निकेलचा मुलामा अगदी पातळ असतो. दोन चुंबक टक्कन एकमेकांवर आदळले की कडेचा टवका उडतो. तिथून ओलावा शिरतो, आतला भाग भुरभुरतो, मुलामा फुगून वर येतो. अशा चुंबकाच्या तळावर बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. हा चुंबक मात्र बदलायचाच. टवका ताजा असेल आणि आत गंज नसेल तर नेलपॉलिशचा एक हात देऊन तो वाचवता येतो, पण नेलपॉलिश कडेलाच लावा, तळावर नको.

प्लेटला तेल लावायचं की नाही यावर लोक गोंधळतात. तेलाने गंज थांबतो आणि घर्षणही जातं. माझा नियम असा: रात्री किंवा सुट्टीआधी शिलाई मशिनचं तेल दोन थेंब, फडक्याने चोळून पुसलेलं. सकाळी काम सुरू करताना आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) प्लेट आणि तळ दोन्ही पुसून कोरडे. आयपीए प्रत्येक टेबलावर असतंच. पुसताना आयर्न स्टँडवर लांब ठेवा, त्याची वाफ पेट घेते.

घसरणं थांबवणारा सर्वांत स्वस्त उपाय

तळ कोरा, प्लेट जाड, तरी पाय थोडा घसरतोच, असं होऊ शकतं. चुंबक खाली कितीही ओढत असला तरी बाजूला घसरू न देण्याचं काम घर्षण करतं, आणि निकेलचा गुळगुळीत मुलामा लोखंडावर सहज घसरतो. चुंबकाची ताकद दुप्पट करण्यापेक्षा घर्षण वाढवणं सोपं आणि स्वस्त आहे.

निळे नायट्राइल हातमोजे मिळतात, औषधाच्या दुकानातही. त्यांची जाडी साधारण ०.१ मिमी. त्यातून तळाच्या मापाची गोल चकती कापा आणि रबर सोल्युशनचा अगदी पातळ हात देऊन तळाला चिकटवा. सायकल पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन चालतं. ०.१ मिमीच्या फटीने ओढ थोडी कमी होते, पण रबराची पकड इतकी वाढते की बाजूने ढकलताना पाय आधीपेक्षा घट्ट राहतो. सायकलची ट्यूब इथं वापरू नका. ती मिलिमीटरभर जाड असते आणि तेवढ्या फटीत चुंबकाची ओढच संपते. साधे लॅटेक्सचे मोजेही नकोत, तेलाने ते चिकट होऊन सडतात. नायट्राइल तेलाला टिकतं. चकती फाटली की नवी लावायची.

पटत नसेल तर भाजीवाल्यांकडे असतो तसला स्प्रिंगचा हातकाटा घ्या. पायाच्या तळाजवळ दोरा बांधून आडवा ओढा आणि पाय सुटतो तेव्हाचा आकडा बघा. एकदा चकतीशिवाय, एकदा चकतीसह. तुमच्या चुंबकाचा आणि तुमच्या प्लेटचा खरा हिशेब तुमच्यासमोर येईल.

उंच पाय

डुलण्याचं एक कारण असं आहे की ज्यात सगळं स्वच्छ असूनही काही उपयोग होत नाही. मोठे कपॅसिटर, हीटसिंक खाली लटकावेत म्हणून लोक स्पेसरवर स्पेसर चढवतात. तळाचा चुंबक २० मिमी व्यासाचा आणि पायाची उंची ६० मिमी असेल, तर टोकाशी दिलेला धक्का तळाच्या कडेवर टेकून पाय उलटवू बघतो. चुंबकाची ओढ मध्यावर, म्हणजे कडेपासून १० मिमीवर, आणि धक्का ६० मिमीवर. ओढीच्या एक षष्ठांश जोराने पाय कलंडतो. इथं घर्षणाचा काही संबंध नाही. उंची निम्मी केली तर सहनशक्ती दुप्पट होते, किंवा तळ रुंद केला तरी होते. म्हणून उंच पायांसाठी जुन्या स्पीकरमधलं फेराइटचं गोल कडं मी जास्त पसंत करतो. निओडायमियमपेक्षा त्याची ओढ कमी, पण तळ रुंद, फुकट मिळतं आणि गंजत नाही. ठिसूळ असतं, तेवढं सांभाळा.

बोर्ड प्लेटपासून किमान १५-२० मिमी वर असावा, त्याहून खाली आणू नका. बोर्डाच्या खालच्या पिना लोखंडाला टेकल्या तर प्लेट सगळी उष्णता ओढून घेते, डाग कच्चा राहतो, आणि माणूस आयर्नचं तापमान वाढवत बसतो.

आणखी एक: अगदी लहान बोर्डासाठी पाय जवळजवळ ठेवले की शेजारचे चुंबक एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात. नुसत्या चकत्या असतील तर हे जास्त होतं, वाटीच्या चुंबकात कमी. अशा वेळी समोरासमोर दोनच पाय ठेवा.

चुंबक खरोखर कमजोर कधी होतो

हॉट एअर, म्हणजे गरम हवेच्या झोताने सोल्डर वितळवणारं यंत्र, वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे घडतं. बाजारात मिळणारे साधे निओडायमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची ताकद गमवायला लागतात. हॉट एअरचा झोत ३५० अंशांचा असतो आणि पितळी स्पेसर ती उष्णता तळापर्यंत आणून सोडतो. काम संपल्यावर पायाच्या तळाशी बोट टेकवत नसेल तर चुंबक धोक्यात आहे. पितळेऐवजी स्टेनलेसचा स्पेसर लावा, स्टेनलेसमधून उष्णता पितळेच्या मानाने फारच हळू जाते. किंवा स्पेसर आणि चुंबक यांच्यामध्ये हायलमची (वीज न वाहणाऱ्या टणक राळेच्या शीटची) चकती द्या. फेराइटला ही उष्णता बाधत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. कमजोर झालेला चुंबक ओळखायचा तर त्याच मापाच्या नव्याशी तुलना करा: दोघांचे तळ कोरे करून तोच हातकाटा लावा.

वीज सुरू करण्याआधी

हे नीट वाचा. प्लेट लोखंडी आहे, पाय पितळी आहेत. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेनकडच्या बाजूला २३० व्होल्ट सरळ होऊन ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी बसतं, आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये ते प्लग काढल्यावरही राहतं. या प्लेटवर फक्त डाग द्यायचा, डाग काढायचा. मेनचा प्लग जोडून चाचणी घ्यायची तर बोर्ड उचलून लाकडी फळीवर किंवा हायलमच्या शीटवर ठेवा आणि सिरीज लॅम्पमधूनच, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडूनच, वीज द्या. पाय सरकून एखादी पिन प्लेटला टेकली तर काय होतं ते बघायची वेळ कुणावर येऊ नये. बोर्ड प्लेटवर ठेवण्याआधी कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून मल्टिमीटरने खात्री करा.

स्टॅटिकला घाबरणाऱ्या आयसीवर काम असेल तर प्लेट १ मेगओमच्या रेझिस्टरमधून अर्थला जोडा. थेट तार नको. आणि ज्याच्या छातीत पेसमेकर आहे अशा माणसाला हे पाय हातात देऊ नका, गिऱ्हाईक असो की घरातलं.

किती वेळा काय

तारा कापताना पायांवर हाताची आड धरायची किंवा कापलेलं टोक चिमट्यात धरूनच कापायचं, हे रोजचं. चिकटपट्टीने तळ साफ करणं आठवड्यातून एकदा, उद्यमबागेच्या परिसरात असाल तर दोनदा. कागदाची परीक्षा जेव्हा बोर्ड हलल्यासारखा वाटेल तेव्हा, आणि पावसाळ्यात दर रविवारी. नायट्राइलची चकती फाटेपर्यंत. प्लेट पॉलिश पेपरने पुन्हा घासायची वेळ पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात.

हे सगळं करूनही हलणारे बोर्ड असतात. इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर चढवलेला बोर्ड, वेल्डिंग मशिनचा पॉवर बोर्ड, जाड हीटसिंक असलेला अँप्लिफायर. त्यांचं वजन एका कडेला असतं आणि चार चुंबकांनी त्यांना तोलून धरायची अपेक्षा करणं चूक आहे. त्यांच्यासाठी लाकडी चौकट करा: दोन रिपा, त्यांत बोर्डाच्या जाडीची खाच, आणि दोन लांब बोल्टने आवळायची सोय. ती चौकट टेबलाला सी-क्लॅम्पने बांधायची. सुतार तासाभरात करून देतो.